भुसावळ ते उदयपूर आणि परत, 2,31,000 किलोमीटर पळालेल्या ऑक्टाव्हिया आरएसमधून

रेल्वेत नोकरी, खिशात पास, आणि हा बाबा आई-बायको-पोराला घेऊन वीस वर्षांच्या मोटारीने उदयपूरला निघालाय. आमच्या कॉलनीत ही बातमी नळाला पाणी येण्याआधी सगळ्या घरांत पोचली होती. शेजारचे गार्डसाहेब मला जिन्यात अडवून म्हणाले, "अहो, एवढा पास असताना एप्रिलच्या उन्हात ह्या काळ्या भट्टीत कशाला बसताय?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. बायकोने तर तोवर बोलणंच टाकलं होतं, पण त्याचं कारण गाडी नव्हती. उदयपूरचं लग्न नेमकं अक्षय तृतीयेचं, म्हणजे आमच्याकडची आखाजी. खानदेशात आखाजीला लेक माहेरी नसली तर झोकाही रिकामा आणि आईचं मनही रिकामं. तिचं माहेर शिरपूर. शेवटी तह झाला, जाताना बऱ्हाणपूरकडून जायचं आणि येताना गुजरातेतून फिरून शिरपूरला दोन दिवस. हा एवढा वळसा पासावर झाला नसता, हे मी नंतर गार्डसाहेबांना सांगितलं. त्यांना ते पटलेलं नाही.

गाडीबद्दल सांगतो. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाचा स्पोर्टी अवतार, 2005 ची, पेट्रोल, पाच गिअरची. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली, म्हणजे अजिंठ्याचा घाट चढून गेलं की तिचं माहेरच. मी 2017 साली नाशिकच्या एका डॉक्टरांकडून घेतली तेव्हा मीटरवर 1,42,000 होते. निघताना 2,31,406. इंजिन 1781 सीसीचं, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, वर टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा. कागदावर 150 हॉर्सपॉवर आणि 210 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर. आजच्या मानाने आकडे फार वाटत नाहीत. पण तो टॉर्क 1,750 आरपीएमलाच हातात येतो. ट्रकच्या मागे पाचव्यात रेंगाळत असलो तरी गिअर न बदलता पाय दाबायचा, अर्धा सेकंद थांबायचं, आणि मग सीट पाठीला येऊन चिकटते. हा अर्धा सेकंद ज्यांना खटकतो त्यांनी टर्बोची जुनी गाडी घेऊ नये. मला तो ओळखीचा आहे. रेल्वेत डिझेल इंजिन चालवायला शिकत होतो तेव्हा डब्ल्यूडीएम-2 ह्या इंजिनावर नॉच, म्हणजे ताकदीची पायरी, वाढवला की आधी काळा धूर, मग टर्बोची शीळ आणि मग ताकद, असाच क्रम असायचा. ते इंजिन सोळा सिलिंडरचं आणि 2,600 हॉर्सपॉवरचं होतं, हे चार सिलिंडरचं आहे, बाकी स्वभाव एकच. म्हणून लांबून आल्यावर मी चावी लगेच फिरवत नाही. मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवतो, तेल फिरू देतो, टर्बो निवू देतो. पोरगं म्हणतं, पप्पा गाडीची आरती करतात.

किलोमीटरचा आकडा ऐकून लोक दचकतात. माझं म्हणणं असं की 2,31,000 मध्ये घाबरण्यासारखं काही नाही, घाबरायचं ते 2005 ला. वेळेवर तेल बदललेलं इंजिन पळून मरत नाही. आमच्या रेल्वेच्या शेडमध्ये लाखो किलोमीटरची इंजिनं रोज येतात, धुतात, तपासतात आणि परत लाइनवर जातात. म्हातारं होतं ते रबर आणि प्लॅस्टिक, आणि ते उभ्या गाडीतही होतं. भुसावळच्या उन्हात तर दुप्पट वेगाने. त्यामुळे जुनी स्पोर्ट्स सेडान बघायला जाल तेव्हा मीटर नंतर बघा. बॉनेट उघडून पाण्याच्या नळ्या आधी दाबा. दाबल्यावर कुरकुर आवाज आला किंवा बोटाला काळं लागलं तर तेवढे पैसे किमतीतून कमी करा.

निघण्याआधी महिनाभर मी हेच केलं. जळगावला अजिंठा चौफुलीजवळ माझा मिस्त्री आहे, त्याच्याकडे गाडी चार दिवस होती. टायमिंग बेल्ट ह्या इंजिनाचा जीव आहे. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग इंजिन भंगारात. त्याच्याबरोबर वॉटर पंपही बदलायचा, कारण पंप त्याच बेल्टवर फिरतो आणि मजुरी एकदाच पडते. रेडिएटरच्या दोन्ही नळ्या, हीटरच्या नळ्या, इंजिनाच्या डोक्यामागचा तो प्लॅस्टिकचा पाण्याचा जोड, कूलंट, ब्रेक ऑइल. पेट्रोलच्या नळ्यासुद्धा, कारण पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि 2005 चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. टायरची नक्षी चांगली दिसत होती, पण बाजूच्या भिंतीवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचला तर 1118. म्हणजे 2018 च्या अकराव्या आठवड्यातले. सात वर्षांचं टायर घेऊन मी 43 डिग्रीत डांबरावर जाणार नव्हतो. चारही नवे घातले. सगळं मिळून 71,000 रुपये गेले. त्याआधी री-रजिस्ट्रेशनचे तेव्हाचे सरकारी 5,000 आणि वरून पर्यावरण कर. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी री-रजिस्ट्रेशन लागतंच. गाडी घेतली होती 2,60,000 ला. हिशेब करू नका, मीही केला नाही.

मिस्त्रीने एक नळी मात्र दाखवली होती. इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणारं नळकांडं, त्याच्या पोटाखाली बोटाएवढी वाकडी नळी असते, इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढून घेणारी. ब्रीदर. तो म्हणाला, "साहब, इसको भी कर देते हैं, लेकिन ऊपर का सब खोलना पड़ेगा, एक दिन और." मी म्हटलं, राहू दे, दिसायला बरी आहे. हे माझं वाक्य लक्षात ठेवा.

पहाटे चारला निघालो. डिकी ह्या गाडीची खरी ताकद आहे. 528 लिटर, आणि मागची काच धरून पूर्ण झाकण वर उचलतं, त्यामुळे बाहेरून सेडान आणि आतून कोठार. चार बॅगा, आहेराची पितळी समई, पाण्याचा वीस लिटरचा जार, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेच्याचा डबा ठेवलेली वेताची टोपली, आणि माझा ड्यूटीचा लाइन बॉक्स, ज्यात ह्या वेळी झेंड्यांऐवजी पाने, फ्यूज, चिकटपट्टी आणि कूलंट होतं. मागच्या सीटबद्दल मात्र चांगलं बोलता येत नाही. माझी आई पाच फुटांची म्हणून ती बसली. पोरगं पंधरा वर्षांचं आणि माझ्याहून उंच, त्याने पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये गुडघे कुठे ठेवायचे हे सतरा प्रकारे करून पाहिलं. मागे मोठी माणसं बसवून रोज फिरणार असाल तर ही गाडी घेऊ नका. पुढच्या सीट उत्तम. कमरेला दोन्ही बाजूंनी धरतात, घाटात अंग सीटवर सरकत नाही.

बऱ्हाणपूरच्या आधी तापी ओलांडताना आईने पहिलं नाणं टाकलं. ह्या फेरीत आम्ही तापी चार वेळा ओलांडली, बऱ्हाणपूरला, सुरतेजवळ कामरेजला, शिरपूरच्या अलीकडे सावळद्याला आणि शेवटी भुसावळात शिरताना. चारही वेळा काच खाली, नाणं बाहेर, हात जोडून. गावात इतक्या पहाटे मावा जिलेबीवाले उठले नव्हते, त्याचा राग आईने खंडव्यापर्यंत धरला. फारुकी सुलतानांची ही राजधानी, खानदेशाचा कारभार इथून चालायचा, असं मी सांगायला गेलो. ती म्हणाली, मग राजधानीत जिलेबी का नाही.

अशीरगडाच्या चढावर पहिली परीक्षा होती. गड डावीकडे की उजवीकडे हे बघायला मला वेळ नव्हता, मी काटा बघत होतो. आता काट्याचं एक गुपित सांगतो. ह्या गाडीचा तापमानाचा काटा 90 वर येऊन बसला की तिथेच गोठतो. पाणी पाच-दहा अंश वर गेलं तरी तो ढिम्म, कारण तो मुद्दामच तसा बनवलाय, गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून. काटा हलेल तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून मी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला हजार-बाराशेचा ब्लूटूथ रीडर लावतो आणि खरा आकडा मोबाइलवर बघतो. सपाटीवर 91, 92. अशीरगडाच्या चढावर एसी चालू, पुढे सिमेंटचा ट्रक, दुसऱ्या गिअरमध्ये 101. पंखा लागला, माथ्यावर येईतो 95. डॅशबोर्डवरचा काटा ह्या सगळ्यात केसभरही हलला नाही. तेवढ्या एका आकड्यासाठी तो रीडर घ्या.

इंदूरकडचा रस्ता तेव्हा चौपदरी होत होता, त्यामुळे वळणं, धूळ, कच्चे उतार. गाडीचं पोट खाली आहे. पुढच्या बंपरचा ओठ दोनदा घासला, एकदा खडीला आणि एकदा एका गावातल्या गतिरोधकाला, जो गतिरोधक कमी आणि बांध जास्त होता. तिरपी घालायची, एक चाक आधी चढवायचं, हा एकच उपाय.

मुक्काम रतलामला. थांबलो की मी आधी चहा घेत नाही, चारही चाकांना उलटा हात लावून येतो. ही ड्यूटीची सवय. मालगाडी थांबली की आमच्याकडे अ‍ॅक्सल बॉक्स, म्हणजे चाकाच्या बेअरिंगची पेटी, असाच बघतात, कारण तापलेला, म्हणजे हॉट अ‍ॅक्सल सापडला नाही तर पुढे काय होतं ते आम्ही ऐकून असतो. तळहात लावायचा नाही, भाजलं तर पकडायला हात उरत नाही. रतलामला मागचं उजवं चाक बाकीच्या तिघांपेक्षा बरंच तापलेलं निघालं. हँडब्रेकची केबल सोडल्यावर पुरती मागे येत नव्हती, ब्रेक किंचित धरून राहत होता. उपाय फुकटचा होता. पुढचे पाच दिवस हँडब्रेक ओढलाच नाही. पहिल्या गिअरमध्ये उभी करायची आणि चाकामागे अर्धी वीट. वीट रतलामच्या लॉजमालकाने दिली. ती डिकीत उदयपूर फिरून भुसावळला आली आहे.

आता ती नळी. दुसऱ्या दिवशी मंदसोर मागे पडलं, रस्ता छान, आई झोपलेली. नीमचच्या अलीकडे एका टपरीवर थांबलो आणि इंजिन आयडलवर डुगडुगायला लागलं. आरपीएमचा काटा 700 वरून 1,100 वर, परत खाली, परत वर, जसं कोणी पेडलवर ठेका धरलाय. पिवळा इंजिनचा दिवा लागला. बायको आखाजीच्या वादापासून न बोललेली, ती पहिल्यांदा बोलली, आणि तेही अहिराणीत, म्हणजे प्रकरण गंभीर. "आते काय व्हयनं?" मी म्हटलं, बघतो. तिने काच वर करताना पुढचं वाक्य सोडलं, "पास व्हता ना खिसामा?"

रीडरने सांगितलं पी0171, मिश्रण पातळ. म्हणजे कुठून तरी न मोजलेली हवा इंजिनात शिरतेय. पेडल दाबलं की इंजिन ठीक, सोडलं की डुगडुग. म्हणजे गळती मॅनिफोल्डच्या बाजूला, जिथे आयडलवर हवा आत ओढली जाते. लाइन बॉक्समध्ये मीटरभर पातळ प्लॅस्टिकची नळी असते, तिचं एक टोक कानात धरलं आणि दुसरं बॉनेटखाली फिरवत गेलो. पोराने मोबाइलचा उजेड धरला. वर काही नाही, बाजूला काही नाही. मॅनिफोल्डच्या पोटाखाली टोक नेलं आणि कानात फुस्स्. अगदी झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं. बोट आत घातलं तर त्या वाकड्या नळीला वळणाच्या आतल्या अंगाने चीर, नखाएवढी. बरी दिसत होती म्हणे.

आधी सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, वर तार. चार किलोमीटर टिकली. नीमचमध्ये एक ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान सापडलं. त्या मालकाने स्कोडाचं नाव ऐकून हात जोडले, मग तुकडा हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, ये तो सिर्फ पाइप है. तेलाला टिकणारी फूटभर नळी 110 रुपये. सरळ नळी वळणावर मुडपते, म्हणून त्यानेच अक्कल लढवून मध्ये पितळी एल्बो दिला, आणि चार होज क्लिपा. बसवायला मला दीड तास लागला, कारण तिथे हात जात नाही, नुसती बोटं जातात. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याच्या तीन रेघा उठल्या. इंजिन सुरू केलं, काटा 800 वर खिळ्यासारखा. पुढे हजार किलोमीटरहून जास्त ती ट्रॅक्टरची नळी चालली.

लग्न छान झालं. उदयपूरबद्दल बाकी सगळे लिहितातच. गाडीपुरतं सांगायचं तर तिथल्या गल्ल्यांत क्लचने पाय दुखवला आणि मागची काच लहान असल्यामुळे रिव्हर्सला पोराला बाहेर उतरावं लागलं.

परतीचा रस्ता मात्र ह्या गाडीच्या हक्काचा होता. शामळाजी, हिंमतनगर, आणि मग अहमदाबाद ते वडोदरा 93 किलोमीटरचा एक्स्प्रेस वे. ताशी 100 ला ठेवली तर इंजिनाचा आवाज संपतो आणि नुसता वारा उरतो. वीस वर्षांपूर्वीची गाडी असूनही दार बंद केल्यावरचा आवाज, सरळ रेषेत जाण्याची शिस्त, ट्रक शेजारून गेला तरी न डगमगणं, ह्यात आजच्या दहा-बारा लाखांच्या गाड्या तिच्या मागे आहेत, हे मी चालवून सांगतोय. सस्पेन्शन कडक आहे, खड्डा आला की पाठीला कळतो, पण वळणावर तोच कडकपणा कामाला येतो. आईला हे पटवता आलं नाही.

सोनगडला टाकी भरली, कारण गुजरातेत पेट्रोल आपल्यापेक्षा लिटरमागे आठ-दहा रुपयांनी स्वस्त. सीमेपलीकडे नवापूर. रेल्वेवाला असल्यामुळे स्टेशनवर पाच मिनिटं थांबणं भाग होतं. तिथलं बाकडं अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. आईला महाराष्ट्रात बसवलं, पोरगं गुजरातेत, फोटो काढला.

कोंडाईबारीच्या घाटात दुपारचे अडीच, बाहेरचा आकडा 43. उसाचे आणि कंटेनरचे ट्रक एकमेकांना चिकटून चढत होते. रीडरवर 103. मी एसी बंद केला, काचा उघडल्या आणि मागून निषेध सुरू झाला. चार मिनिटांत 97. उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये सोडली, इंजिनच धरून ठेवतं, ब्रेकला फक्त आठवण करून द्यायची. 59 वॅगनची कोळशाची रेक उतरवणाऱ्याला ब्रेक जपायला शिकवावं लागत नाही. दहिवेल आलं तेव्हा उलटा हात लावून पाहिला, चारही चाकं सारखी कोमट.

धुळ्याहून उत्तरेला वळलो, सावळद्याला तिसरं नाणं, आणि संध्याकाळी शिरपूर. आखाजी होऊन तीन दिवस झाले होते, तरी सासूबाईंनी खापर परत पेटवलं. खापरावरची पुरणपोळी, आमरस, आणि माझ्या भाजलेल्या हाताला तूप. बायको तिथे उतरल्यापासून इतकं बोलली की पाच दिवसांचं सगळं भरून निघालं.

शेवटचा टप्पा शिरपूर, चोपडा, यावल, भुसावळ. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मध्ये खड्डे. आरएसच्या कडक सस्पेन्शनला आणि खाली असलेल्या पोटाला ह्याहून वाईट रस्ता शोधूनही मिळाला नसता. उदयपूरपर्यंत जेवढं घासलं नाही तेवढं चोपडा-यावलमध्ये घासलं.

एकूण 1,710 किलोमीटर, पेट्रोल 141 लिटर, म्हणजे लिटरला बाराच्या थोडं वर, एसी जवळजवळ सगळा वेळ चालू. इंजिन ऑइल अर्धा लिटर वर घालावं लागलं. ज्याला नव्या गाडीसारखं चावी फिरवून निघायचंय आणि बॉनेट कुठून उघडतं हेही ठाऊक नाही, त्याने हिच्या वाटेला जाऊ नये. टायमिंगचं किट, पंप, फिल्टर अजून सहज मिळतात, पण आरएसचा म्हणून असलेला बंपर किंवा दिवे लागले तर भंगारवाल्यांच्या दारात बसायची तयारी ठेवा.

परत आल्यावर रविवारी गाडी जळगावला नेली. मिस्त्रीने ह्या वेळी मला विचारलं नाही, सरळ मॅनिफोल्ड खोलला. लाइन बॉक्समधली जुनी नळी मी त्याला दाखवायला दिली तर ती त्याच्या बोटांत मारी बिस्किटासारखी मोडली. नवी नळी 1,850 रुपये, मजुरी 2,500. ट्रॅक्टरची नळी एल्बोसकट काढून, पुसून, त्याने माझ्या हातात ठेवली.

"ये रख लो साहब, डिक्की में," तो म्हणाला, "ये अच्छी वाली है."